मनीषाच्या पत्रिकेची कार्डं

८ फेब्रुवारी, शनिवार, सांजेला

आज पुन्हा कार्डं घेऊन बसले. गंजाचं कार्ड आजही सगळ्यात वर. माझ्या लेकीनं, मनीषानं, स्वतःच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून केलेली ही कार्डं. कोऱ्या बाजूला प्रश्न, छापील बाजूला कडेनं उत्तर. ती सासरी, माझा नवरा त्याच्या भावाला घेऊन ऊसतोडीला. घरात मी आणि माझी ही दहावीची परीक्षा. पास झाले तर अंगणवाडीत काम मिळेल, नाही तर पुढच्या साली पुन्हा कोयता.

दुपारी तिचा फोन आला. "आये, येत्यात ती कार्डं बाजूला काढ. न येणारीच रोज इचार."

"इचारू कुणाला, भिंतीला? मीच मास्तर आन मीच पोरगी."

हसली. मग तिकडं कुणी हाक मारली, फोन ठेवला.

तिचं खरं आहे. आज सतरा कार्डं बाजूला गेली. राहिलं ते गंजाचं. लोखंड कशानं गंजतं? ओलाव्यानं आणि हवेनं. झोपेतसुद्धा सांगेन. पण पलटलं की उत्तराच्या वर छापलेलं आहे, चि. सौ. कां. मनीषा. कापताना पोरीनं बघितलं नसेल.

ते कार्ड न येणाऱ्यांतच ठेवलं. उद्या परत विचारायचं.