आईंची केबिन

रविवार, ५ नोव्हेंबर २००६

एकवीस माणसं आणि आठ केबिनी! वाटणी माझ्या गळ्यात.

अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, पंचाहत्तरी. शांत वगैरे नको म्हणाले, तर धाकट्या दिरांनी, दिनानाथ भावजींनी, थेट जहाजच काढलं. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री. "वहिनी, लग्नघरात कुणाला कुठे झोपवायचं हे तुमच्याइतकं कुणाला जमत नाही. तेव्हा खोल्या तुमच्याकडे!" हरभऱ्याच्या झाडावर चढवलं मला. मीही चढले.

जहाजाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय. त्यामुळे आज सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवले. काय काय आहे एकेका मजल्यावर! थेटर, पोहायचा तलाव, केस कापायचं दुकान. भर समुद्रात जाऊन केस कोण कापून घेतं? आणि 'आतली केबिन' म्हणजे जिला खिडकीच नाही. समुद्रावर जायचं आणि कपाटात झोपायचं!

मंगळवार, ७ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर अंबाडी रोडला व्हिन्सेंटच्या ऑफिसात. आमच्या कार्मिन टीचरचा भाऊ. पूर्वी जहाजावर वेटर होता, आता लोकांची बुकिंगं करतो. वादळ आलं तर ताटं कशी धरता? कपडे कुठे वाळत घालायचे? मला विचारून विचारून पुरे होईना. शेवटी म्हणाला, "टीचर, तुम्ही फिरायला चाललाय की जहाज विकत घ्यायला?"

मधल्या केबिनी कमी हलतात म्हणे. डिस्कोच्या खालची घ्यायची नाही. आणि गोल खिडकी उघडत नाही. ही एक निराशाच!

मग त्याने नावं घ्यायला सुरुवात केली. जोडपी आधी. मी आणि जयवंत, भावजी आणि जाऊबाई, असं करत करत सगळी सांगितली. "आणि म्हातारा-म्हातारी एकत्र ना?" म्हटलं, छे हो! अप्पा नातवंडांत, तेजस आणि वेदांतबरोबर. आई माझ्या उन्नतीबरोबर आणि राधिकावन्संबरोबर. आमच्या आगाशीच्या घरी असंच आहे. पुरुष ओटीवर, बायका माजघरात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच बघतेय. व्हिन्सेंटने मान डोलावली आणि तसंच लिहिलं.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

फोन, फोन, फोन! खिडकी सगळ्यांना हवी. लिफ्टजवळ सगळ्यांना हवं. घोरणाऱ्याबरोबर कुणालाच नको, आणि घोरणारा तर कुणीच नाही!

शनिवार, ११ नोव्हेंबर

इथे कुणी बघत नाही म्हणून लिहिते. दोघांच्या, खिडकीवाल्या केबिनींतली सगळ्यात चांगली मी स्वतःला ठेवली आहे. बरोब्बर मधली, खिडकी पलंगाच्या उशाशी. आहे थोडी लबाडी. पण सोलापूरची पोर मी. लग्नानंतर इतकी वर्षं समुद्र असा कोपऱ्यावर, तरी सदा चपला सांभाळत काठाकाठानेच बघितलेला. एकदा डोळे उघडावेत आणि नुसतं पाणी दिसावं, एवढंच हवंय.

जयवंतला सांगितलं तर म्हणाला, "मला फक्त संडास जवळ हवा." घ्या!

रविवार, १२ नोव्हेंबर

आज आगाशीला वाडीवर जाऊन सगळ्यांना वाटणी वाचून दाखवली. आणि तिथेच सगळं फिसकटलं.

आई केळफूल सोलत बसल्या होत्या. त्यांचं नाव आलं तशी मान वर न करता म्हणाल्या, "मना एकटीला पायजे."

मला वाटलं, केळफुलाचंच काही. "काय हो आई?"

"खोली. एकटीला. दुसरा कोन नको."

आई? दुपारी नुसती पाठ टेकतात तीसुद्धा चार जणींत? मग एकदम कल्ला. जयवंत म्हणाला, "रात्री काही झालं म्हणजे?" भावजी म्हणाले, "एवढी मुलं-सुना असून म्हातारीला एकटी टाकली, असं म्हणतील लोक." वन्सं रुसल्या, माझ्याबरोबर नको वाटतं! आई आपल्या केळफूल सोलतायत. एकेक दांडा काढायचा, बाजूला ठेवायचा.

अप्पा उठले आणि पंप बंद करायला गेले. पंप चालू नव्हताच. जयवंत माझ्या कानात म्हणाला, "अप्पांना लागलं बघ. त्यांच्या पंचाहत्तरीला ही असं करते."

मंगळवार, १४ नोव्हेंबर

डोकं चालेनासं झालंय माझं. का हवी असेल एकटीला?

उन्नती म्हणते, "आजीला स्पेस हवी असेल." जयवंतला वाटतंय काहीतरी दुखणं लपवतेय. जाऊबाई म्हणाल्या, कंटाळल्या असतील आपल्या सगळ्यांना. मला हे शेवटचं पटतं. जन्मभर घरभर माणसं. माजघराच्या दाराला साधी कडीही नाही. मला कुणी अशी केबिन देईल तर मीही घेईन.

पण नक्की कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही. स्वभावाला औषध नाही!

गुरुवार, १६ नोव्हेंबर

शाळेला दांडी मारून आगाशीला गेले. आई एकट्या सापडल्या, न्हाणीपाशी. सरळच विचारलं. "आई, का हो?"

"उगाच."

"उगाच कसं? काहीतरी असेलच ना."

माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला खिडकी कशाला पायजे?" (ही बातमी इथपर्यंत पोचली! उन्नतीला बघते.)

"बघायला," म्हटलं.

"मगे?" म्हणाल्या आणि हसल्या. तोंडावर पदर धरून, नव्या नवरीसारख्या. चहा दिला, वर केळी दिली. म्हणजे निघा आता!

सोमवार, २० नोव्हेंबर

व्हिन्सेंटकडे जास्तीची केबिन नाही. नाताळ जवळ आलाय, जहाज भरलं. कुणीतरी दोघांची केबिन सोडायची, एवढा एकच रस्ता. भावजींना विचारलं. जाऊबाईंना म्हणे उलट्या होतात, त्यांना खिडकी लागतेच. बाकीच्या जोडप्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

राहिली कुठली? माझीच.

जयवंत भडकला. "नाही म्हणून सांग आईला! हट्ट आहे नुसता." मी म्हटलं, इतक्या वर्षांत आईंनी कधी काही मागितलंय? आठव. एक तरी गोष्ट सांग. मग म्हणाला, "कर काय ते."

तर आता उशाशी खिडकीवाली केबिन आईंना. जयवंत अप्पांच्या केबिनीत चौथा. मी आईंच्या जागी, उन्नती आणि वन्संबरोबर. कपाटात! व्हिन्सेंटसमोर हसत सांगितलं, पण रिक्षात रडू आलं. खरंच आलं. खिडकीसाठी रडणारी बाई बघून रिक्षावाला काय म्हणाला असेल?

शुक्रवार, ८ डिसेंबर, जहाजावर

निघालो! मुंबई मागे मागे गेली. अप्पांना सगळ्यांनी हार घातला, केक कापला. कधी नव्हे ते दाढी गुळगुळीत, आणि आज एकदाही कुणावर ओरडले नाहीत.

आईंना केबिन दाखवायला मीच गेले. आधी पलंग दाबून बघितला. मग खिडकीत उभ्या राहिल्या. मग दारापाशी आल्या, कडी लावून बघितली, काढली, परत लावून बघितली. "आतून लागते?" "लागते," म्हटलं. "भायेरून उघडत नाय?" "नाही आई." "बरं. जा आता तू." आणि मी बाहेर!

दाराला कान लावला. लिहायला लाज कसली. काही ऐकू आलं नाही.

आमच्या कपाटात वन्सं आत्ताच घोरायला लागल्या आहेत.

शनिवार, ९ डिसेंबर

पहाटे दारावर धडाधडा थापा. जयवंत, पांढराफटक! "अप्पा अंथरुणात नाहीत. संडासात नाहीत. वरच्या डेकवरही नाहीत." चारी बाजूंना पाणी! धडपडत, अनवाणी धावलो. आईंना आधी सांगायला हवं म्हणून त्यांच्या दाराशी गेलो, तर कडी वाजली आणि दार आतून उघडलं.

अप्पा! गंजी, लुंगी, चपला हातात.

एकवीस माणसांची वाटणी केली मी. जोडपी मोजली, आधी मोजली, आणि हे एक जोडपं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मुलांसुनांपुढे आईंनी मागायचं तरी कसं?

जयवंत खाली बघत उभा. अप्पा घसा खाकरून मला म्हणाले, "वसुंधरा, इथे चहा कुठे मिळतो?"

आतून आईंचा आवाज आला, "दोन सांगा."