माझ्या जागी तुमचा ठोकळा

अँटॉप हिल, गुरुवार

आदरणीय धम्मपालकाका,

सविनय जय भीम. राधाकाकूचा गुडघा आता कसा आहे? इकडे जे घडले ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी आमचा उपग्रह कंपन चाचणीत नापास झाला. सौरपंखाच्या बिजागरीची पिन तुटली.

२. मंगळवारी रॉकेटवाल्यांचे पत्र आले : महिनाअखेरीपर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर तुमच्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा जाईल.

३. बुधवारी मी तो आधीच बनवून ठेवलेला ठोकळा पाहिला. सोबतच्या कागदावर तुमच्या परळच्या वर्कशॉपचे नाव आणि तुमची सही होती.

मला कुणीतरी खुर्ची आणून दिली, म्हणजे चेहरा बरा नसावा. काका, आमचा उपग्रह बुटांच्या खोक्याएवढा. मोठे रॉकेट चंद्राकडे मोठे यान नेते. यानाखालच्या कड्यात थोडी जागा उरते, तिथे आम्हाला बसू देतात आणि वाटेत सोडतात. पुढे चंद्रापलीकडे जाऊन सूर्याकडून येणारे कण मोजायचे, एवढेच आमचे काम. पण रॉकेटचा तोल आमचे वजन धरूनच मांडलेला असतो, म्हणून जागा रिकामी जात नाही. चार वर्षे या कामात असल्याने मला हे ठाऊक होते. (ठोकळा कुणाचा काका बनवतो, हे कोणत्याही पुस्तकात नाही.)

तपासनीस अभय परब (भला माणूस, पण पोच नाही) म्हणाले, "अकरा किलोत अर्ध्या ग्रॅमचा फरक नाही हो! नाहीतर तुमची ती पिन..." पुढचे त्यांनी गिळले. मी तुम्हाला फोन लावला, तर तुम्हीच सुरू झालात : "अगं मनू, माझा ठोकळा पहिल्या झटक्यात पास! वर जाणार म्हणतायत. तुझ्या डब्याच्या शेजारीच असेल, लक्ष ठेव गं!" मागून काकू कुणाला तरी सांगत होती, "आमच्याकडचे दोघं चाललेत."

शेजारी नव्हे, काका. जागी. हे फोनवर सांगता आले नाही, आणि लालबागला येऊन तोंडावर सांगायचा धीर नाही. मी अभिनंदन केले, ते मात्र खरे होते.

आपली,
मनाली

ता. क. पिनचे ड्रॉइंग सोबत आहे. व्यास दोन मिलिमीटर, फरक दहा मायक्रॉनच्या आत. तीन कारखान्यांनी दोन-दोन महिने मागितले. तुमच्या लेथवर ती एका दिवसात होईल.

ता. क. २. ती झाली, तर ठोकळा जाणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. (रागावेन, पण काकूला कळू देणार नाही.) हो किंवा नाही, सोमवारी सकाळी दहापर्यंत कळवा.