दार खालच्या कोपऱ्यात धरतं

रत्नागिरी, सोमवार

तीर्थरूप कमलामावशीस,

सलिलचा साष्टांग नमस्कार. (आमच्या फरशीला अजून ओल आहे, म्हणून प्रत्यक्षात उभ्यानेच केला. तुझ्या घरात गुडघाभर चिखल असताना मी ओल्या फरशीबद्दल बोलावं का, असं लिहिता लिहिताच मनात आलं. पण खोडलं तर कागद घाण दिसतो.) तुझा गुडघा काय म्हणतो? फोनवर विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणून तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. सामानाचा टेम्पो घेऊन चिपळूणला येणाऱ्या यज्ञेशच्या हाती देतो आहे.

काशी छान झाली. तू सांगितलेला गंगेचा गडू, तोंड झाळून पक्का बंद केलेला, सगळा प्रवास मी मांडीवर धरून आणला. गाडीने चिपळूण मागे टाकलं तेव्हा नुसता धुवांधार पाऊस होता. आम्ही दारात पोचेपर्यंत वाशिष्ठी तुझ्या ओटीवर चढली होती, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. आमचं दुःख निराळंच. ऐन पावसात बंद राहिलेलं फणसाच्या लाकडाचं दार फुगून चौकटीत असं बसलं होतं, की किल्ली फिरली तरी ते ढिम्म. तुझी सूनबाई मृणाली म्हणाली, सुताराला बोलवा. आमची छोटी अवनी म्हणाली, त्यापेक्षा परत काशीला जाऊ. मी पायरीवर बसून, पावसाळ्यात घर बंद ठेवून पुण्य मिळवायला जाणं कितपत योग्य, याचा विचार करू लागलो. तेवढ्यात तुझा फोन. पोचलात काय रे, एवढंच तू विचारलंस, आणि मी दाराची कथा अगदी उसासे टाकत सांगितली. (आता आठवलं की कानशिलं तापतात.) "रडतोस काय मेल्या! वरून ढकलू नको. पावसात दार खालच्या कोपऱ्यात धरतं. काहीतरी जड घे नि तिथे ठोक." ठोकलं. (कशाने, ते आत्ता महत्त्वाचं नाही.) दार उघडलं. मग गाद्यांचा कुबट वास कसा घालवायचा ते सांगितलंस, शेजारच्या योगिनीला आमच्यासाठी मऊभात टाकायला कळवलंयस तेही सांगितलंस, आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं, "बरं, ठेवते. इथे पाणी जिन्याच्या मधल्या पायरीला लागलंय, नि फोनची बॅटरीही संपत आलीय."

मग फोन लागेना. मऊभात आला, वाफाळता, मेतकुटासकट. कुणाच्या घशाखाली उतरला नाही. (अवनीने दोनदा घेतला, पण रडत.) दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या शेजारच्या हर्षदच्या फोनवरून तुझा आवाज आला. पहिला प्रश्न, बिजागऱ्यांना तेल घातलंस का? घालतो, म्हटलं. घरातलं सगळं गेलं का, विचारलं, तर म्हणालीस, भांडी तेवढी आपोआप विसळून निघाली.

उरलेली बॅटरी तू आमच्या दारावर खर्च केलीस, मावशी. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. आणि आता हर्षदच्या माडीवरच्या खोलीत राहतेस, पण इकडे ये म्हटलं तर, "कार्य नसताना भाच्याकडे राहायला येऊ? लोक म्हणतील, पुरात वाहत आली!" म्हणून कार्य काढलं आहे. काशीहून आल्यावर मावंदं घालायलाच हवं. गंगेची पूजा आणि आपल्या माणसांना जेवण. ते सगळं कसं करतात, हे घरात तुझ्याशिवाय कुणाला येतं? तेव्हा तयारीला आधीच, यज्ञेशच्या याच टेम्पोतून, ये. तिथी ठरलेली नाही. तुझ्या भिंती वाळल्या की ठरवू.

तुझा,
सलिल

ता. क. तू हो म्हटल्याशिवाय टेम्पो हलवू नकोस, असं यज्ञेशला बजावलं आहे. त्याची उद्या जयगडला बंदरावर पाळी आहे, तेव्हा बिचाऱ्याला ताटकळवू नकोस.

आणखी ता. क. तुला फसवून आणणं मनाला पटेना. दार ठोकलं ते गंगेच्या गडूने. हाताशी तोच होता. झाळलेलं तोंड उघडलं आणि सगळी गंगा उंबऱ्यावर सांडली. मृणालीने पुसली (फडकं धुतलेलं होतं). म्हणजे गंगा नाही, पूजा नाही, मावंदं नाही, कार्यही नाही. तरी ये. बिजागऱ्यांना तेल घातलं आहे. दार आता एका बोटाने उघडतं.