आठवी ब आणि जगाची परीक्षा

३ फेब्रुवारी

झालं! चिठ्ठी टाकली आणि नेमकी आपली शाळा निघाली. कितीतरी देशांतली मुलं एकच गणिताची चाचणी देणार, त्यासाठी. त्यातही वर्ग कुठला? माझाच. आठवी ब!

हेडसर खूश. ‘आता शाळेचं नाव जगात!’ जगात म्हणे. आधी व्हरांड्यातला पंखा दुरुस्त करा.

५ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. फळ्यावर लिहिलं – एका मुलीला घरून शाळेत चालत यायला बारा मिनिटं लागतात. सोबत शेजारची मैत्रीण निघाली, तर दोघींना किती लागतील?

अर्धा वर्ग ओरडला, ‘चोवीस!’ उरलेला अर्धा, ‘सहा!’ सहावाले तर जास्तच ठाम. ‘माणसं दुप्पट, वेळ निम्मा, बाई!’ काळ-काम-वेगाचं सूत्र पाठ आहे ना! दोन्ही गटांत भांडण जुंपलं. रोज स्वतः चालत येतात ही कार्टी!

एकटी शंकासुर खिडकीतून रस्त्याकडे बघत बसलेली. (हे नाव पोरांनीच ठेवलंय तिला, सारखे प्रश्न विचारते म्हणून.) मग म्हणाली, ‘गप्पा मारत आल्या तर तेरा-चौदा. नाहीतर बाराच.’ सगळे हसले. तिला! मागच्या परीक्षेत ही पोरगी नापास. पहिल्याच गणिताचा विचार करत बसते, तोवर घंटा होते.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं. भाजी चिरता चिरता म्हणाला, ‘चोवीस.’ हा माणूस ऑफिसात हिशेब तपासतो!

९ फेब्रुवारी

हेडसरांचा हुकूम – रोज दोन तास नमुना प्रश्न घोटून घ्या. घोटले. मग मी मुद्दाम आकडे बदलून दिले. सगळ्यांनी जुनीच उत्तरं लिहिली. एकाने तर न वाचताच. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

१२ फेब्रुवारी

हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज खाली. ‘तुमची ती शंकासुर, आणि आणखी चार-पाच... त्या दिवशी जरा पोट दुखू दे त्यांचं. काय?’

मी म्हटलं, माझ्या वर्गातलं एकही पोर घरी बसणार नाही.

‘मग निकालाचं खापर तुमच्या डोक्यावर हं, बाई.’

फुटू दे! शंकासुराला वर्गाबाहेर थांबवून सांगितलं – तू बसायचंस. विचार करायला लावणारे असे प्रश्न तुझ्यासारखीसाठीच असतात. ती नुसतं ‘हो’ म्हणाली. एरवी दहा प्रश्न विचारले असते.

१६ फेब्रुवारी

उद्या. पोरांपेक्षा मलाच धडधडतंय.

१७ फेब्रुवारी

तिचा बाक रिकामा.

घरी फोन लावला. आई म्हणाली, ‘पोट दुखतंय हो तिचं, सकाळपासून.’ पोट! हेडसरांचाच शब्द! माझ्या मागे परस्पर फोन केला असणार. तेव्हाच जाब विचारायला जाणार होते, पण बाहेरून आलेल्या पर्यवेक्षक बाई समोर पेपर वाटत होत्या. बाकी सगळे हजर. म्हणजे मी ज्या पोरीसाठी भांडले, नेमकं तिलाच गाळलं!

चाचणी संपल्यावर हेडसर त्या पर्यवेक्षक बाईंच्या मागे-मागे. ‘शाळेचा निकाल कधी? आमचा नंबर?’ त्या पाकिटं बंद करत म्हणाल्या, ‘शाळेचा निकाल नसतो हो. मुलांचाही नाही. फक्त देशाचा. कुठली शाळा बसली तेसुद्धा आम्ही जाहीर करत नाही.’

हेडसरांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसू आलं, आणि लगेच रडू. ज्या नंबरासाठी पोरीला घरी बसवलं, तो नंबरच नाही!

१८ फेब्रुवारी

आज गेलेच केबिनमध्ये. वाट्टेल ते बोलले. हेडसर म्हणतात, ‘शपथ घेतो, मी फोन केला नाही.’ खोटारडा माणूस. ती आजही गैरहजर.

२० फेब्रुवारी

ती आली. पोट कसं आहे विचारलं.

‘दुखतच नव्हतं, बाई. मी आईला खोटं सांगितलं. मी बसले असते तर तुमचा वर्ग मागे गेला असता ना.’

मग पहिल्या दिवसापासून पाहिलं नव्हतं इतकं मोकळं हसली, आणि विचारलं, ‘कितवे आलो आपण?’