तक्रारवही कोरी आहे

ती. मावशीस,

गच्चीवरून साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. गच्ची इतकी तापलीय की खराखुरा घातला असता तर पोळून निघालो असतो.) गुडघे काय म्हणतात? नवीन चष्मा लागला का डोळ्यांना? चष्मेवाल्याशी एव्हाना भांडून झालं असेलच. आपण दोघं एकाच इमारतीत, तू तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड विभागात आणि मी तुझ्या डोक्यावर, आणि तरी हा पत्र कसलं लिहितोय म्हणशील. पण तुझ्यासमोर मला आजवर एक वाक्य धड पुरं करता आलेलं नाही, आणि आजचं प्रकरण लांबलचक आहे. म्हणून टपालाच्या ट्रेमधून पाठवतोय.

माझी तब्येत उत्तम, आणि माझ्या दोन्ही चिलरची त्याहून उत्तम. तू सगळीकडे सांगतेस की भाचा गच्चीवर 'कसलंतरी एसीचं' बघतो, म्हणून एकदाच नीट सांगून ठेवतो. नळ्यांमधलं पाणी सात अंशांपर्यंत गार करून खाली पाठवायचं आणि तुम्हा सगळ्यांचा उकाडा मोठाल्या पंख्यांनी आभाळात फेकून द्यायचा, हे काम थोरली आणि धाकटी (माझी दोन यंत्रं) करतात, आणि त्या दोघींचं सगळं मी करतो. रोज दहा वाजता दाब आणि तापमान लिहितो, तेही वर जाऊन, डोळ्यांनी बघून. (माझ्या आधीचा गृहस्थ सोमवारी खुर्चीत बसून आख्ख्या आठवड्याचे आकडे लिहून टाकायचा, सुट्टीच्या रविवारासकट!) कॉइलच्या (म्हणजे उकाडा बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) पात्या कागदासारख्या पातळ असतात. त्या वाकल्या की वारा अडतो, म्हणून त्यांचा खास कंगवा मिळतो. तो घेऊन मी तासन्‌तास त्यांचा भांग पाडत बसतो. माझ्या स्वतःच्या डोक्यावर भांग पाडण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तू चारचौघांत बोलून दाखवतेस ते सोड.

तर काल, बुधवारी, थोरलीची कॉइल धुवायची होती. धूळ आणि कबुतरांची पिसं यांचा थर बसला की ती गुदमरते, दाब चढतो आणि एक दिवस भर दुपारी हाय खाऊन बंद पडते. आता कुणी ऐरागैरा असता तर बाहेरून पाणी मारून घाण आणखी आत ठासून बसवली असती. मी वीज तोडतो, वरचा पंखा काढतो, स्वतः आत उतरतो आणि आतून बाहेर पाणी मारतो. तसं मारत होतो. महिन्याभराचा काळा राडा असा सरसर बाहेर पडत होता की मला गाणं सुचत होतं. नेमके तेव्हाच मॅनेजरसाहेब फोनवर बोलायला गच्चीवर आलेले. मला आतून काय दिसणार, कप्पाळ? शर्ट पांढरा होता म्हणे. त्या क्षणी बघून कुणाला पटलं नसतं.

साहेब चिडले, साहजिकच आहे. म्हणाले, दर महिन्याला हे उद्योग कशाला, वर्षभरात कुणाची एक तरी तक्रार आलीय का? अगं, या प्रश्नाची मी वर्षभर वाट बघत होतो! तसाच निथळत खाली धावलो, दारावरच्या रखवालदाराकडून तक्रारवही आणली आणि साहेबांसमोर एकेक पान उलटून दाखवलं. कोरं. सगळी वही कोरी. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाठीवर थाप पडेल म्हणून मी जरा वाकूनही उभा राहिलो.

साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "म्हणजे इथे माणसाची गरजच नाही. बिघडलं तर बोलावू कुणाला तरी."

उद्या शुक्रवारी बैठक आहे आणि माझी जागा रद्द करायची, हा तिथला विषय आहे. घेतला की नाही स्वतःच्या पायावर धोंडा मारून? पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मावशी, मला धडकी भरली ती नंतर. आधी अभिमानच वाटला. काम इतकं चोख की काम होतंय हेच कुणाच्या लक्षात आलं नाही! असो. तू जिवाला लावून घेऊ नकोस. मला तुझ्याकडून काहीही नको, नुसतं कळवलं.

तुझा,
डोक्यावरचा भाचा

ता. क. : एवढंच कर. उद्या बैठकीआधी तक्रारवहीत एक ओळ लिही. घरी चहापासून जावयापर्यंत तू कुणाला सोडलेलं नाहीस, पण इथे वर्षभर अक्षर लिहिलं नाहीस. भाच्याची लाज राखतेस, कळतं मला. आता एकदाच राखू नकोस.

ता. क. २ : तक्रार 'फार गार होतं' अशीच हवी. शाल घेऊन बस, दोनदा शिंक. 'उकडतं' हा शब्द त्या वहीत मला बघवणार नाही.

ता. क. ३ : आत्ताच रखवालदार म्हणाला, गार होतं म्हटलं तर साहेब एक चिलर बंदच करून टाकतील, उकडतं असंच लिहायला हवं. मग राहू दे, मावशी. काही लिहू नकोस. जाताना ती वही मी साहेबांकडून मागून घेईन आणि पुढच्या मुलाखतीत आधी तीच दाखवीन.