ऑनर्सचा वर्ग आणि माझा पाय

४ सप्टेंबर
वनजा मॅडम ब्लाऊजच्या ट्रायलला दुकानात आल्या. युनिव्हर्सिटीत शिकवतात, राहतात जयलक्ष्मीपुरमला, उजवा खांदा थोडा उतरता. म्हणाल्या, ऑनर्सच्या मुलांना हेल्थ ह्युमॅनिटीज म्हणून विषय आहे. आजार पुस्तकातून कळतो, पण आजारी माणूस काही पुस्तकातून कळत नाही, त्यासाठी हा वर्ग. तुम्हाला साखरेचा आजार बरीच वर्षं आहे, तर दर बुधवारी तासभर या आणि तुमचं तुम्ही सांगा, मुलं ऐकतील.
थोडक्यात, प्रोफेसर म्हणून बोलावणं. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. आज त्याचं चीज झालं.
घरी सांगितलं. कमलाक्षी म्हणाली, अहो, पेशंट म्हणून बोलावलंय तुम्हाला. हिला शिक्षणक्षेत्रातलं काही कळत नाही.
संकल्प: उद्यापासून पहाटे चालणे. गोड बंद.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. एकाही विद्यार्थ्याचा फोन नाही. नेमणूक कालचीच. बातमी पसरायला वेळ लागतो.
पहाटे अग्रहाराच्या वस्तीला वळसा घातला. घरी येऊन पाहतो तर डाव्या पायात चप्पल नाही. वाटेत कधी सुटली कळलंसुद्धा नाही. हल्लीच्या चपलांना पकड राहिलेली नाही. नवा जोड घ्यावा लागणार. चालणं तूर्त स्थगित.
एक चांगली गोष्ट. पायांना पूर्वी मुंग्या यायच्या, त्या पार गेल्या. बरीच सुधारणा. वर्गात सांगायचं.

७ सप्टेंबर
गणपती. शेजारून कडुबू आले, गोड सारणाचे. प्रसादातली साखर धरत नाहीत.

११ सप्टेंबर, दुपार
पहिलं लेक्चर. विषय: माणूस म्हणजे कापड. आधी पाण्यात भिजवून घ्यावं, मग कापावं. डॉक्टर लोक न भिजवताच कात्री चालवतात. मुलं भराभर लिहीत होती.
विद्येची जागा म्हणून चपला दाराबाहेर काढल्या. मुलांनी बूट घातलेलेच. पहिला धडा तिथेच दिला. खुर्च्या गोल मांडलेल्या, व्यासपीठ कुठेच नाही. टेबलावर चढून मांडी घालून बसलो. कीर्तनाला बसल्यासारखं भारदस्त वाटलं. रोज चालतो आणि गोड वर्ज्य केलंय हेही सांगितलं. उदाहरण घालून दिल्याशिवाय तरुण पिढी शिकत नाही.
नरसिंह नावाच्या मुलाने विचारलं, अज्जा, तुम्हाला या आजाराची भीती कधी वाटते? म्हणालो, प्रश्न चांगला आहे, पण सिलॅबसबाहेरचा.
येताना मैसूर पाक. पहिल्या लेक्चरचा.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ
दसरा जवळ आला. ब्लाऊज, परकर, पोरींच्या लंगा-घागऱ्यांचा ढीग. सकाळपासून मशिनवर. पायडल अनवाणीच मारायचं, ही आमच्या घराण्याची रीत. चप्पल घालून मारलेला टाका सरळ येत नाही. तसाच उठून चपला चढवल्या आणि बसने वर्गाला गेलो.
दुसरं लेक्चर. टेबलावर मांडी घातली. कोणी लिहीना. सगळ्यांचे डोळे माझ्या पायांवर. म्हटलं, चपलांचा धडा मुरला. गुरूच्या चरणांकडे बघायची रीत या पिढीत उरली नाही असं कोण म्हणतं?
समोरच्या खुर्चीतली विशालाक्षी उठून आली आणि माझ्या पायांशी वाकली. मला भरून आलं. डोक्यावर हात ठेवून फर्स्ट क्लासचा आशीर्वाद दिला.
ती उभी राहिली. चिमटीत टाचणी होती, लाल मण्याची. आमच्याच दुकानातली. माझ्या डाव्या तळव्यातून, करंगळीच्या बुडातून तिने उपटली होती. विचारलं, अज्जा, दुखत नव्हतं?
म्हणालो, शिंप्याला टाचणी आपलाच माणूस समजते. कुणी हसलं नाही. विनोद कानडीत करायला हवा होता. मग आठवलं, कानडीतच केला होता.
वनजा मॅडम म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. म्हणालो, तास संपल्यावर. तास संपल्यावर म्हणालो, दसरा झाल्यावर.

१९ सप्टेंबर
मॅडमनी हिला फोन केला. चहाड्या सांगणं प्रोफेसरांना शोभत नाही.
ही म्हणाली, पाय दाखवा. म्हणालो, हळद लावलीय. ही म्हणाली, मामंजींनीसुद्धा हळदच लावली होती, आणि पुढे गुडघ्याखाली काय उरलं ते तुम्ही पाहिलंय.
वडिलांची गोष्ट निराळी. ते कुणाचं ऐकत नसत.
पायमोजा घातला. विषय मिटला.

२५ सप्टेंबर
तिसरं लेक्चर: आपल्या शरीराचं ऐकावं. शरीर बोलत असतं, आपण कान देत नाही. फार रंगलं असतं. पण मुलं सारखी पायाचंच विचारत राहिली. नरसिंह म्हणाला, अज्जा, तुमचा पाय काय बोलतोय? पोर चुणचुणीत आहे, पण शिस्त नाही.
वर्गात कसला तरी कुबट वास येत होता. कुठेतरी उंदीर मेला असावा. मॅडमना सांगितलं. त्यांनी उठून खिडकी उघडली. विशालाक्षी रडत होती. व्याख्यान लागलं असणार.
डावी चप्पल पायात शिरेना. उन्हाने आखडली.

१ ऑक्टोबर
अंगात कणकण. हवा बदलतेय. ही उंबऱ्यात बसून म्हणाली, एकदा बघते, हात लावत नाही, नुसती बघते. म्हणालो, अठरा ब्लाऊज बाकी आहेत. ही उठली नाही. मीच तोंड फिरवून झोपलो.
संकल्प: दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. हे आता पक्कं.

३ ऑक्टोबर
दसऱ्याचा पहिला दिवस; आमच्याकडे दसरा दहा दिवसांचा. ही रिक्षा घेऊन आली, रिक्षात वनजा मॅडम. चर्चा झाली नाही. मला बसवलं.

५ ऑक्टोबर, वॉर्ड
करंगळी काढली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आला असता तर बोट राहिलं असतं, आणखी चार दिवस थांबला असता तर पाय गेला असता. म्हणालो, म्हणजे तसा वेळेवरच आलो. डॉक्टर हिच्याकडे बघायला लागले.
बाकीची नऊ बोटं जागेवर. पायडलला करंगळी तशीही लागत नाही.
ड्रेसिंगच्या वेळी मी छताकडे बघतो. पंख्याला एक पातं कमी आहे की काय, नीट कळत नाही.

९ ऑक्टोबर
बुधवार. दसऱ्याची सुट्टी असूनही वर्गच वॉर्डात आला. सगळे नाहीत, सहाजण आणि मॅडम. उशीला टेकून बसलो. विषय तयार होता: धैर्य.
मुलांनी स्टुलं ओढली आणि हिच्यासमोर मांडली. मॅडम म्हणाल्या, कमलाक्षम्मा, आज तुम्ही सांगा.
वाटलं, ही पदर तोंडाला लावून बसेल. ही म्हणाली, हे बोलायला लागले की ओळखावं, माणूस घाबरलाय. लग्नात भटजींनासुद्धा बोलू दिलं नव्हतं यांनी. मुलं हसली. मग म्हणाली, मामंजींचा पाय गेला तेव्हा हे महिनाभर त्यांच्या खोलीत शिरले नाहीत. दारात उभे राहून मोठमोठ्याने काहीबाही सांगायचे, भाव काय झाला, पाऊस किती पडला. मामंजी आतून हं हं करायचे. रोज. मी त्यांचं अंग पुसायची आणि दोघांचं ऐकायची.
नरसिंहने विचारलं, तुम्हाला राग नाही आला? ही म्हणाली, आला की. पण मी रागावले असते तर हे दारातसुद्धा उभे राहिले नसते.
कोणी काही लिहीत नव्हतं. मी डोळे मिटून विश्रांती घेतली. शब्द न् शब्द ऐकू आला.
जाताना मॅडमनी तिला पुढच्या महिन्यातल्या वर्गाचं आमंत्रण दिलं. तिला. माझ्याबद्दल म्हणाल्या, तुम्ही आराम करा.

१० ऑक्टोबर
सकाळी सिस्टर ड्रेसिंगला आली. पंख्याकडे बघायला लागलो. ही म्हणाली, बघा एकदा. मी आहे.
बघितलं.
सूज उतरलीय. जिथे करंगळी होती तिथे टाके घातलेत. टाके बरे आहेत, किंचित लांब. बाकी काही सुचलं नाही, उपमासुद्धा सुचली नाही.
सिस्टरने कापसाचा बोळा तळव्यावरून फिरवला आणि विचारलं, कळतंय का?
सुधारणा आहे असं म्हणणार होतो. ही बघत होती.
कळत नाही, म्हणालो. बरेच दिवस कळत नाही.
सिस्टरने तेवढं लिहून घेतलं.