चोवीस डाव्या बाजू

तीर्थस्वरूप भावोजी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा गुडघा, सध्या शेक घेत पडलं आहे. तेव्हा सात अंगांचा गोड मानून घ्यावा. ताईचा खोकला थांबला का? निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी तुम्ही रोज सकाळी पेन्सिलींना टोक करून ठेवता, असं ती कळवते. आमच्याकडे सगळं ठीक. (हे वाक्य रीतीप्रमाणे लिहिलं आहे, खरं पुढे वाचा.)

आमचे साहेब तुम्ही पाहिले आहेत. फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवण्यात त्यांची तीस वर्षं गेली, आणि त्यातली अकरा मी डिझाइन विभागाचा प्रमुख म्हणून काढली (विभागात मी, एक टेबल आणि काठीने ढोसल्यावर फिरणारा एक पंखा). गेल्या सुट्टीत त्यांना कुणीतरी तळ्यावर शिडाच्या होडीतून अर्धा तास फिरवलं. माणसं सुट्टीहून सर्दी घेऊन येतात, हे महत्त्वाकांक्षा घेऊन आले. हौशी लोकांसाठी दोन माणसांची छोटी होडी आपण काढायची. इतकी वर्षं पाणी आत ठेवत आलो, आता बाहेर ठेवायचं, एवढाच काय तो फरक, असं ते मीटिंगमध्ये म्हणाले. कुणी हसलं नाही. विक्रीवाल्यांनी तर ते वहीत उतरवून घेतलं. मग पेला ठेवायला खाच आणि पाठ टेकायला फळी यांवर दोन बैठका झाल्या, साहेबांच्या सौभाग्यवतींनी रंग ठरवला (आकाशी, काठाला पिवळा), आणि होडी चालते कशी हा विषय वेळेअभावी राहून गेला. तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं की आमचे भावोजी जन्मभर गोदीत होड्यांचे आराखडे काढत होते. तुम्ही बिचाऱ्यांनी आठवड्यात आराखडा पाठवलात. अकरा फुटांची होडी, एक शीड, एक सुकाणू, आणि रेषा अशा की बघत राहावं. कुणालाच काही न कळल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

आता आमची पद्धत सांगतो, कारण घोळ तिथेच आहे. आडव्या टाकीचा साचा एकच असतो, अर्ध्या टाकीचा. त्यातून अर्धुकं काढायची, रचून वाळू द्यायची, आणि सगळी झाली की एकाच दिवशी दोन-दोन जोडायची. टाकीला डावं-उजवं नसतं. कुठलंही अर्धुक कुठल्याही अर्धुकाशी सुखाने नांदतं. तुमच्या आराखड्यात होडीची एक बाजू होती. तिचा साचा करून आम्ही चोवीस बाजू काढायला घेतल्या. साच्यावरचे मिस्त्री (कारखान्यातला पहिला साचा त्यांच्याच हातचा) पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "होडीला नाक असतं, टाकीला नसतं. दुसरा साचा उलटा लागेल." मी त्यांना सुनावलं की कागदावर आहे तेवढंच करा, डोकं चालवायला मी बसलोय. भावोजी, चोवीसच्या चोवीस डाव्या निघाल्या.

जोडणीच्या दिवशी एकीचं नाक दुसरीच्या शेपटाला आलं. एक पालथी करून पाहिली, तर तिचा तळ आकाशाकडे. दोन्हीकडून चालणारी होडी अशी जाहिरात करता येईल, असं विक्रीवाल्यांचं मत पडलं. पाहुण्यांना तळ्यावर बोलावणं गेलं होतं, म्हणून एका जोडीच्या फटी पत्र्याने बुजवल्या, रंग दिला आणि ती पाण्यात सोडली. आत कुणी बसायचं यावर चर्चा झाली नाही, सगळे माझ्याकडेच बघत होते. शीड भरलं, होडी डावीकडे वळली आणि वळतच राहिली. पहिल्या फेरीला टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला मी हात हलवला. पाचव्या फेरीला साहेबांच्या सौभाग्यवतींनी खुर्ची फिरवून घेतली. मग पत्रा सुटून पाणी आत शिरलं, आणि इथे आमचं तीस वर्षांचं कसब दिसलं: आत आलेला एक थेंबही तिने बाहेर जाऊ दिला नाही. मला ओढून काढताना गुडघा आपटला तो त्या पाठ टेकायच्या फळीवर.

दुसऱ्या दिवशी चौकशी. चूक कुणाची एवढंच साहेबांना हवं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीच्या आत. मी आराखडा पसरून दाखवला की यात उजव्या बाजूचा उल्लेखही नाही. मग साच्यावरच्या माणसाला कळायला नको का, असं साहेब म्हणाले, आणि मी गप्प बसलो. मिस्त्रींना मागच्या अंगणात जुन्या टाक्या खरवडायला बसवलंय. शनिवारपर्यंत दुसरा कुणी जबाबदार सापडला नाही तर कायमचे घरी पाठवणार. माझ्या खिडकीतून ते दिसतात, म्हणून मी पडदा लावला. खरवडल्याचा आवाज पडद्याने अडत नाही. असो. खुशाली कळवावी म्हणून सहज लिहिलं, मागणं काही नाही.

आपला मेहुणा

ता. क. एक किरकोळ विनंती. आराखडा अपुरा होता आणि चूक तुमची, अशा दोन ओळी साहेबांना लिहाल का? तुम्ही निवृत्त आहात, तुमचं आता कोण काय वाकडं करणार? मिस्त्री सुटतील. पत्र ताईला दाखवू नका.

दुसरी ता. क. तुम्ही लिहालही, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून हेही सांगून टाकतो. आराखड्याच्या खालच्या कडेला लाल शाईत तुमची सूचना होती. कागद आमच्या फाइलपेक्षा चार बोटं लांब, म्हणून ती पट्टी मी कापली. 'ही फक्त डावी बाजू' एवढं वाचल्याचं आठवतं, पण तोवर कात्री निम्म्यावर आली होती. अर्थ तळ्यात पाचव्या फेरीला लागला.

तिसरी ता. क. पाकिटाला गोंद हवा म्हणून मागच्या अंगणात गेलो. मिस्त्रींनी गोंद दिला, आणि सदऱ्याच्या खिशातून ती पट्टीही काढून दिली. तळ्यावरून आल्यावर माझ्या टेबलामागे सापडली होती. "चौकशीत दाखवणार होतो," म्हणाले, "पण म्हटलं, तुम्ही सांगालच." आणि पुन्हा खरवडायला बसले. भावोजी, मला फार लाज वाटली. पहिली ता. क. रद्द समजा, साहेबांना काही लिहू नका. पट्टी त्याच गोंदाने आराखड्याला चिकटवली आहे आणि तो घेऊन आत्ता साहेबांकडेच निघालो आहे. तुम्ही फक्त उजव्या बाजूचा आराखडा पाठवा, मिस्त्रींच्या नावाने. आणि यापुढे सूचना कागदाच्या मधोमध लिहीत जा.